यमाईच्या पायऱ्या, चाळिशीतला राजा आणि आपलं कुलूपबंद मैदान

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक काम सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रानंतर औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. आत्याचा हट्ट, की मूळपीठावर पायऱ्यांनीच जायचं. आत्या बहात्तर वर्षांची, मी सेहेचाळीस. वजन ७९ किलो, उंची पाच फूट एक इंच. आकडे लपवत नाही, कारण लपवून काही होत नाही. साडी नेसली की दिसतातच.

पहिल्या तीस-चाळीस पायऱ्यांतच छातीचा भाता झाला. मी सात ठिकाणी बसले. आत्या प्रत्येक वेळी पुढे जाऊन वळून बघायची आणि काही न बोलता थांबायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डोंगरावर वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, लांबून लोक बघायला येतात. मी आत शिरले ती मात्र चित्रांसाठी नव्हे, टेकायला. बसल्या बसल्या डोक्यात आलं, की ज्या राजाने हे संग्रहालय उभारलं त्यानेच महाराष्ट्राला सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि मी त्याच्याच डोंगरावर धापा टाकत बसलेय. घरी येऊन त्या माणसाबद्दल वाचायला लागले. मग एकातून एक निघत गेलं. ते सगळं आज लिहितेय.

राजाने नमस्कार कधी सुरू केले?

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. औंध म्हणजे बहात्तर गावांचं छोटं संस्थान. १९०९ साली ते गादीवर आले. चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना त्यांनी लागू केली. हे बहुतेकांना माहीत असतं.

मला माहीत नव्हतं ते असं, की हा माणूस लहानपणापासून नमस्कार घालत मोठा झालेला नव्हता. आधी साधारण दहा वर्षं तो सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होता. युजेन सँडो म्हणजे प्रशियात जन्मलेला आणि इंग्लंडात गाजलेला शरीरसौष्ठवाचा बादशहा. आपल्याकडचा ‘सँडो बनियन’ त्याच्याच नावाचा. त्याची पुस्तकं, डंबेल्स, स्प्रिंगची साधनं त्या काळात जगभर खपत होती. पंतप्रतिनिधींनीही ती मागवली आणि नेमाने वापरली.

मग मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांचं उदाहरण बघून १९०८ साली त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. वयाचा हिशेब करा. चाळिशी! म्हणजे आज ज्याला आपण ‘आता काय होणार या वयात’ म्हणतो, त्या वयात त्या माणसाने आधीची पद्धत बाजूला ठेवून नवी धरली. पुढे ती सोडली नाही. १९५१ साली वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले.

नंतर त्यांनी या एका गोष्टीचा ध्यासच घेतला. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे १९३८ साली लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेली त्याची आवृत्ती लंडनला निघाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: साधन लागत नाही, पैसा लागत नाही, हातभर जागा पुरते, बायकाही घालू शकतात. सँडोची साधनं विकत घ्यायची ऐपत असलेला राजा हे सांगत होता, म्हणून त्याला वजन होतं.

पण आपली तालीम कोणासाठी होती?

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे व्यायामाची परंपरा नव्हती असं कोणी म्हणत असेल तर त्याला इतिहास माहीत नाही. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम, तालमीत लाल माती, जोर, बैठका, मुद्गल, करेल. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिथे जाऊन भारतीय खेळ दाखवून आलं. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत चक्क दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश केला. व्यायामावर दहा खंड!

हे सगळं वाचताना अभिमान वाटला. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. या चित्रात सेहेचाळीस वर्षांची बाई कुठे आहे? बाई सोडा, पोट सुटलेला, दुकानात बसणारा पन्नाशीचा पुरुष तरी कुठे आहे?

फारसा नाही. कारण या बहुतेक चळवळीचा हेतू वेगळा होता. देश गुलाम होता, पोरं बलवान करायची होती. बलोपासना म्हणजे तरुणांची उपासना. ते त्या काळाला धरून होतं, त्यात चूक काढण्यात अर्थ नाही. पण त्याचा एक परिणाम आपल्या मनात अजून आहे. व्यायाम म्हणजे कमावलेलं शरीर, व्यायाम म्हणजे स्पर्धा, व्यायाम म्हणजे पोरांचं काम. लग्न झालं, नोकरी लागली, की तालीम सुटली. कोणी विचारलं तर माणूस सांगतो, ‘मी पण कॉलेजात असताना रोज शंभर जोर मारायचो.’ भूतकाळातले जोर कोणाच्याच पोटाचा घेर कमी करत नाहीत.

बायकांचं तर सुटण्याआधी सुरूच झालेलं नसतं. माझ्या शाळेत पीटीचा तास होता. दहावीच्या वर्षी तो गणिताला गेला. त्यानंतर तीस वर्षं मला कोणी ‘पळ’ म्हणालं नाही.

आजी व्यायाम करत नव्हती, तरी बारीक होती

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ‘आमची आजी कुठे जिमला जात होती?’ बरोबर. माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. आडाचं पाणी शेंदायची. डोक्यावर पाटी घेऊन शेतात जायची. पाट्यावर वाटण, उखळात कांडण, सारवण, धुणं.

मंडळी, तो व्यायाम नव्हता. ते राबणं होतं. व्यायाम संपला की माणूस विश्रांती घेतो. आजीचं एक काम संपलं की दुसरं सुरू व्हायचं. ती बारीक होती त्याचं एक कारण हेही होतं, की ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि उरेल ते जेवायची. साठीला तिची कंबर वाकली होती. गावात इंजिनावरची पिठाची गिरणी आली तेव्हा तिने तिथे नारळ फोडला होता, हे ती कौतुकाने सांगायची. त्यामुळे ‘जुनं ते सोनं, बायकांनी परत जातं ओढावं’ असले सल्ले मला देऊ नका. जातं गेलं ते चांगलं झालं.

पण खरी गोष्ट अशी, की जात्याबरोबर हालचालही गेली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. पाणी नळाला आलं, दळण स्कूटीवर गेलं, भाजी फोनवर मागवली. तीस वर्षांत एका बाईच्या दिवसातून काही तासांची अंगमेहनत निघून गेली. जेवणाचं ताट मात्र कमी झालं नाही, उलट त्यात तेल, साखर आणि फरसाण वाढलं.

आप्पांची तिकिटांची पेटी

माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. सकाळची पहिली गाडी, टपावर सामान चढवायचं, मग भरल्या गाडीत पुढून मागे, मागून पुढे. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच. तो टिकटिक आवाज अजून कानात आहे. बावीस वर्षं हे केलं. अंगाने काटक. मग गुडघा दुखायला लागला आणि आगारात बसून करायचं काम मिळालं. घरात पेढे वाटले. खुर्ची मिळाली होती ना!

पाच वर्षांत पोट पुढे आलं. सत्तावन्नाव्या वर्षी पहाटे छातीत कळ आली आणि आप्पा गेले.

एका घरातल्या गोष्टीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. आप्पा तंबाखूही खायचे. पण मागच्या वर्षी एक जुना अभ्यास वाचनात आला आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

जेरी मॉरिस नावाचा ब्रिटिश डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार का वाढतोय हे शोधत होता. त्याने लंडनच्या डबल डेकर बसवरची माणसं निवडली. मुंबईत १९३७ पासून धावलेली बेस्टची डबल डेकर आठवते ना, तसलीच बस. एकाच बसवर दोन माणसं. पगार फारसा वेगळा नाही, वस्ती तीच, चहा तोच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वरखाली. कामाच्या एका दिवसात कंडक्टर ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा.

१९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. झाला तरी उशिरा होत होता आणि जीव घेण्याचं प्रमाणही कमी होतं. मग त्याने टपालखात्यात पाहिलं. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन विरुद्ध टेबलाशी बसणारे कारकून. चित्र तेच.

लोकांनी शंका काढली, स्वतः मॉरिसनेही काढली: कदाचित मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत असतील? म्हणून त्याने काय करावं? गणवेशाची मापं काढली! कोणत्या वयाच्या माणसाला किती कमरेची पँट दिली गेली, याच्या नोंदी. १९५६ साली तेही छापलं. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या होत्या, म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. पण बारीक काय आणि जाड काय, एकाच मापाचे दोघे घेतले तरी ड्रायव्हरलाच धोका जास्त दिसत होता. पुढची सगळी दशकं हेच काम त्याने केलं, आणि स्वतःही व्यायाम करू लागला. २००९ मध्ये गेला तेव्हा शंभरीला काही महिनेच कमी होते.

या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगते. ते कंडक्टर पैलवान नव्हते. कोणी जोर मारत नव्हतं. ती मध्यमवयीन, साधी, रोज थोडं थोडं हलणारी माणसं होती. तालमीच्या इतिहासात आपल्याला जागा नाही, पण मॉरिसच्या बसमध्ये आहे.

आणि आपलं शरीर थोडं वेगळं आहे

‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या मराठी डॉक्टरांची २१.२ टक्के. काट्याला सारखे, आतून वेगळे.

म्हणून आपल्या लोकांसाठी नुसतं वजन बघून भागत नाही. शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. बाईचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की सावध व्हायचं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढ पोटाच्या लठ्ठपणात निघाले आणि ११.४ टक्के मधुमेहात. माझा घेर त्या वेळी ९८ होता. टेप गुंडाळून ठेवून दिली आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

मी काय चुका केल्या

पहिली चूक म्हणजे जानेवारीत वर्षभराची फी भरून जिम लावली. पैसे भरले की माणूस जातोच, असा माझा समज. तिथे सगळी पंचविशीतली पोरं. मला पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर पळवलं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला, पाचव्या आठवड्यात जाणं बंद झालं. फी गेली आणि वर ‘आपल्याच्याने होत नाही’ हा शिक्का बसला. म्हणजे मीही सँडोच्या स्प्रिंगा विकत घेतल्या होत्या म्हणा ना.

दुसरी चूक म्हणजे रात्रीचं जेवण बंद केलं. आठ दिवसांत दोन किलो उतरले, पंधरा दिवसांत तीन वाढले. चिडचिड झाली ती वेगळीच. मुलगा म्हणाला, ‘आई, तू जेव पण ओरडू नकोस.’

मग जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी औंधच्या राजाची आठवण काढून नव्याने सुरुवात केली. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, थायरॉईड तपासून घेतलं. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. चाळिशीनंतर व्यायाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करा. चालताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर त्याशिवाय एक पाऊल टाकू नका.

पहिल्या दिवशी दोन नमस्कार. फक्त दोन. तेही खुर्चीचा आधार घेऊन. जागा म्हणजे हॉलमधली सतरंजी. आठवड्याला एक वाढवायचा, जास्त नाही. सकाळी वीस मिनिटं चालणं. शेजारच्या काकू आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोघी जावा सोबत आल्या. खरं सांगते, नमस्कारांपेक्षा त्या तिघींनी मला वाचवलं. साडेपाचला काकू फाटकाशी उभ्या राहून हाक मारायच्या. त्या उभ्या असताना झोपून राहायची लाज वाटायची. तालमीत वस्ताद असायचा ना, तेच काम काकूंनी केलं.

जेवणात एवढंच केलं, की चहा सहा कपांचा दोनवर आणला आणि त्यातली साखर निम्मी केली. पोळीच्या जागी रात्री ज्वारीची एक भाकरी, डाळ आणि उसळ वाढवली, आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवणं बंद केलं. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. ‘अन्न टाकू नये’ हे आपल्या हाडात आहे. पण ते माझ्या पोटातच टाकायला हवं असंही नाही. आता कमी वाढते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर तुमची निराशा होईल. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, त्याला जेवणाची जोड लागते. व्यायामाने आधी बदलतं ते बाकीचं: झोप, दम, रक्तदाब, साखर, मूड. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि पाळी जायच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे काट्यावर बसूनच राहिलात तर दोन महिन्यांत सोडून द्याल. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमवणारी पण बोलता येईल अशी हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. मालिकेचा एक भाग.

चौदा महिन्यांत ७९ वरून ७१ झाले. घेर ९८ वरून ८९. अजून ८० दूर आहे. नमस्कार बारावर आहेत आणि तिथेच राहिले तरी चालेल.

आता मैदानाचं

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘ताई, चांगलंय, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न. इच्छाशक्ती पाहिजे.’ नाही. इथेच माझा मतभेद आहे. म्हणून तर एवढा इतिहास सांगितला.

वर लिहिलेलं एकेक नाव परत बघा. खासबाग झालं कारण शाहू महाराजांनी जागा दिली आणि पैसा घातला. औंधच्या पोरांनी नमस्कार घातले कारण संस्थानाने शाळेच्या दिवसात त्यासाठी वेळ ठेवला. अमरावती, पुणे इथे माणसांनी वर्गण्या काढून संस्था उभ्या केल्या. लंडनच्या कंडक्टरची तब्येत इच्छाशक्तीने नव्हे, बसच्या जिन्याने राखली होती. कुठेही माणसाला एकट्याला सोडून ‘तू मनाचा खंबीर हो’ असं सांगितलेलं नाही. जागा, वेळ आणि सोबत, या तीन गोष्टी कोणीतरी पुरवल्या.

औंधच्या सक्तीतूनही एक शिकण्यासारखं आहे. सक्ती असते तोवर पोरं नमस्कार घालतात, शाळा सुटली की नमस्कारही सुटतात. आज आपण रथसप्तमीला आणि २१ जूनला शाळेच्या पटांगणात शेकडो पोरं उभी करतो, फोटो काढतो, पेपरात देतो. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस त्याच पटांगणाला कुलूप असतं.

आपल्या गावात काय आहे ते बघू. शाळेचं मैदान आहे, सकाळी बंद. दुसरं मैदान आहे, तिथे कधी सभा, कधी फटाक्यांचे स्टॉल, कधी लग्नाची पार्किंग. बागेत रंगीत व्यायामाची यंत्रं बसवलीत, त्यातली चार मोडलेली आणि एकावर कपडे वाळत असतात. मग आम्ही बायका चालतो कुठे? हमरस्त्याच्या कडेला, अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या बाजूने, हातात कुत्र्यांसाठी काठी घेऊन. मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका जावेला मोटरसायलचा धक्का लागला. हात मोडला. तिची सासू म्हणाली, ‘झालं ना चालून समाधान?’ ती आता येत नाही. तिची इच्छाशक्ती कमी पडली का?

मागणी काही कोटींची नाही. पहाटे पाच ते सात शाळेचं मैदान उघडं ठेवा. चार दिवे लावा. बायकांसाठी एक स्वच्छतागृह चालू स्थितीत ठेवा. फाटकाची किल्ली सांभाळायला आम्ही पाळी लावून घेऊ, तसं लिहून देऊ. जिममधल्या एका यंत्राच्या किमतीत हे होईल.

निवडणुका जवळ येतायत. घरी मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता, गटार, पाणी विचाराच. सोबत हेही विचारा: मैदान सकाळी उघडणार का? आणि ‘बघू’ म्हणाले तर तारीख विचारा.

शेवटचं

यंदा परत औंधला गेलो. आत्या चौऱ्याहत्तर, मी अठ्ठेचाळीस. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा आत्यालाच दम लागला होता, मी तिच्यासाठी थांबले. ती पायरीवर बसली, घाम पुसला आणि म्हणाली, ‘तुझा बाप असा चढायचा. पेटी गळ्यात असल्यासारखा.’ संग्रहालयात या वेळी चित्रं नीट बघितली.

अर्जाचा मसुदा लिहून ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानाच्या फाटकाशी या, वाचा, पटलं तर सही करा. चाळिशीच्या पुढचे सगळे या, पुरुषांनीही या, पोट घेऊन या. फाटकाला कुलूप असेलच. सह्या झाल्या की सगळे मिळून बाहेरूनच मैदानाला एक फेरी मारू.